पायांनी पाठ केलेली फ्रेंच

धम्मपाल दाभाडेला फ्रेंच येते, हे भावसिंगपुऱ्यात सगळ्यांना ठाऊक आहे. ती बसून येत नाही, हे मात्र फक्त घरच्यांना ठाऊक. पाहुणे जमले, चहा झाला, की कुणीतरी हटकून म्हणणार, "धम्मपाल, जरा फ्रेंचमधी बोलून दाखव की." मग हा गडी खुर्चीत बसल्या बसल्या घसा खाकरतो, पंख्याकडे बघतो, आणि तोंडातून एक अक्षर निघेल तर शपथ. शेवटी उठतो, चपला घालतो आणि म्हणतो, "चला, अंगणात चला." अंगणात पाण्याच्या टाकीपाशी पहिलं वाक्य, मोटारसायकलपाशी दुसरं, पेरूच्या झाडाखाली तिसरं. पाहुणे कप हातात धरून त्याच्यामागे फिरतात. त्याची बायको तनुजा दारातून म्हणते, "आमच्या ह्यांची फ्रेंच पायात हाय. डोक्यात चढलीच नाय."

ती खोटं बोलत नव्हती. धम्मपाल वेरूळच्या लेण्यांत गाइड होता, आणि त्याची सगळी फ्रेंच दहा नंबरच्या लेण्यात, म्हणजे ज्याला लोक सुतार लेणं म्हणतात तिथं, खांबाखांबाला बांधलेली होती. पहिल्या खांबाशी लेणं कोणत्या शतकातलं ते. तिसऱ्या खांबाशी, हे दगडात आहे पण कारागिरांनी लाकडाच्या घरासारखं कोरलंय, हे. मग हात वर करून, "वर छताकडे बघा." सगळे माना वर करायचे आणि दगडाच्या त्या लाकडी वाशांसारख्या फासळ्या बघत "ओ ला ला" म्हणायचे. पाय पुढे पडला की पुढचं वाक्य आपोआप यायचं. पाय थांबला की वाक्य थांबायचं. मधेच कुणी प्रश्न विचारला आणि धागा तुटला, तर तो हसून दोन खांब मागे जायचा आणि तिथून पुन्हा सुरू करायचा. फ्रेंच माणसांना वाटायचं, काय बारकाईनं दाखवतोय हा!

ही रीत त्याची नव्हती, त्याच्या उस्तादाची होती. दाऊदचाचा एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली लेण्यांवर चौकीदार होते, तेव्हा सोलांज नावाच्या एक फ्रेंच मॅडम तीन महिने येऊन राहिल्या. रोज एका खांबापुढे स्टुलावर बसून त्या चित्र काढायच्या. दाऊदचाचांचं काम बाईंना कुणी त्रास देऊ नये एवढंच बघायचं. पण पंचविशीतला माणूस दिवसभर नुसता उभा राहून करणार काय? त्यांनी विचारायला सुरुवात केली, ह्याला काय म्हणतात, त्याला काय म्हणतात. मॅडमनी प्रत्येक खांबाशी एक एक वाक्य शिकवलं. चाचांनी ते उर्दू अक्षरांत वहीत लिहून घेतलं. पुढे चौकीदारी सोडून ते गाइड झाले, आणि तीस वर्षं त्या एका वहीवर त्यांनी फ्रेंच लोकांना लेणं दाखवलं.

मग एका पावसाळ्यात, गर्दी नसताना, त्यांनी पार्किंगपाशी पोस्टकार्डं विकणाऱ्या धम्मपालला हाक मारली. "तू कचरूचा लडका ना? आ इधर." कचरू दाभाडे म्हणजे धम्मपालचा बाप. रोज उजाडता उजाडता खराटा घेऊन लेण्यांत शिरायचा आणि वटवाघळांची घाण झाडून, पाणी मारून, पहिली बस यायच्या आत बाहेर पडायचा. धम्मपालला उर्दू वाचता येत नव्हती, म्हणून चाचा वाचायचे आणि तो देवनागरीत लिहून घ्यायचा. एका वाक्याला एक दिवस. वाक्य तोंडात बसेपर्यंत त्या खांबापासून हलायचं नाही.

वहीतलं शेवटचं वाक्य दाराशी म्हणायचं होतं: "झ स्वी कोंताँत क वू स्वाये व्हन्यू." आपण आलात याचा मला आनंद आहे. ह्या वाक्याला फ्रेंच माणसं हमखास हसायची, मनापासून हसायची. काही बायका तर त्याचा दंड थोपटायच्या. बावीस वर्षं धम्मपालला वाटत आलं की हे वाक्य म्हणजे आपल्या फ्रेंचचा कळस आहे.

आणि अशा ह्या सुखानं चाललेल्या संसारात गेल्या वर्षी जानेवारीत पुण्याहून ई-मेल आला. फ्रेंच गट ज्या प्रवास कंपनीकडून यायचे तिनं कळवलं होतं, की येत्या ऑक्टोबरपासून फ्रेंच गट फक्त त्याच गाइडकडे जातील ज्याच्याजवळ फ्रेंचचं बी-टू, म्हणजे वरच्या पायरीचं, प्रमाणपत्र आहे. लेखी आणि तोंडी परीक्षा मे महिन्यात. शुभेच्छा. खाली एक हसरा चेहराही होता.

धम्मपालनं तो मेल तीनदा वाचला. वय अठ्ठेचाळीस, शिक्षण दहावी, फ्रेंचचं एक अक्षर लिहिता येत नाही, वाचता येत नाही. मराठी-हिंदी गट मिळतील, शाळेच्या सहली मिळतील, चूल काही विझणार नव्हती. पण त्याला ते पटेना. गाइड लोकांत त्याला सगळे 'मुस्यो', म्हणजे फ्रेंचमधले साहेब, म्हणायचे. झाडलोट करणाऱ्याच्या पोराला ही एक पदवी मिळाली होती, ती आता कुणी एका मेलनं काढून घेणार, हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं.

तो थेट शहागंजला दाऊदचाचांच्या घरी गेला. चाचांचे गुडघे गेले होते. नऊ वर्षांत त्यांनी वेरूळ पाहिलं नव्हतं. खिडकीशी खाट टाकून ते दिवसभर गल्ली बघत बसायचे. मेल त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग त्यांनी आत हाक मारली, "महेजबीन! ये तेरा काम है."

महेजबीन म्हणजे चाचांची नात. वय चोवीस. तिनं रीतसर फ्रेंच शिकून पदवी घेतली होती आणि आता घरूनच लॅपटॉपवर शिकवण्या घ्यायची. आजोबांच्या वहीबद्दल तिनं लहानपणापासून ऐकलं होतं, पण ती उघडून कधी बघितली नव्हती. धम्मपालनं आपली देवनागरी वही पुढे केली. तिनं वाचायला घेतली. दुसऱ्या पानावर तिचे ओठ थरथरायला लागले, चौथ्या पानावर तिनं ओढणी तोंडावर धरली, आणि शेवटच्या वाक्याला तिला हसू आवरेना.

"काय झालं, बेटा?" धम्मपालनं विचारलं.

"काही नाही, काका. 'कोंताँत' हे बाईनं म्हणायचं असतं. पुरुषानं 'कोंताँ' म्हणायचं."

धम्मपालनं चाचांकडे बघितलं. चाचांनी खिडकीकडे.

"मादामने येइच सिखाया," चाचा शेवटी घुश्श्यात म्हणाले.

"बरोबरच शिकवलं, दादा," ती आजोबांना म्हणाली. "त्या बाई होत्या ना."

"पचास साल में किसी ने बोला नहीं?"

"लोकांना आवडलं असेल, म्हणून नाही बोलले."

धम्मपालच्या कानाची पाळी तापली. बावीस वर्षं सोवळ्यासारखं जपलेलं वाक्य, आणि आपण ते बाईच्या तोंडून बोलत होतो! चाचांना मात्र दोन मिनिटांनी हसू फुटलं, इतकं की महेजबीनला त्यांच्या पाठीवरून हात फिरवावा लागला. "पचास साल," ते डोळे पुसत म्हणाले, "पचास साल हम दोनों मादाम बनके खुश होते रहे!"

दर मंगळवारी वेरूळ बंद असतं. तो शिकवणीचा दिवस ठरला. सकाळी दहा वाजता धम्मपाल नवी वही, दोन पेनं आणि चाचांसाठी क्रीमरोल घेऊन हजर. पहिले दोन महिने अक्षरं, मग वाचन, मग साधी वाक्यं. शाळेत कधी मार चुकला नव्हता अशा माणसानं उतारवयाकडे झुकताना पुन्हा विद्यार्थी व्हायचं, हे काही थट्टेचं काम नव्हतं. पण तो आला, प्रत्येक मंगळवारी आला.

एप्रिलात महेजबीननं ते शेवटचं वाक्य पुन्हा फळ्यावर लिहिलं. "काका, आज ह्याच्या पोटात काय आहे ते बघू. ह्याला म्हणतात सुब्जोंक्तीफ पासे. बी-टूला हे आलंच पाहिजे."

"नावच लई अवघड हाय."

"नाव सोडा. हे बघा. 'मॅडम आल्या', ही झाली बातमी. त्याला साधा भूतकाळ चालतो. पण 'मॅडम आल्या याचा मला आनंद आहे', 'त्या न सांगता गेल्या याचं वाईट वाटतं', 'त्यांना कळलं असेल असं मला नाही वाटत', असं बोललात की त्या बातमीला तुमचं मन जोडलं गेलं. आनंद, दुःख, भीती, शंका, अभिमान, काहीही. मग मागच्या क्रियापदाचं रूप बदलतं."

धम्मपालनं डोकं खाजवलं. "पण बेटा, काम तर झालंच की. मॅडम आल्या त्या आल्याच."

"आल्याच. म्हणून तर पासे, भूतकाळ. काम झालेलंच आहे. पण आता तुम्ही त्यांचं येणं सांगत नाही, त्यांच्या येण्यानं तुम्हाला काय झालं ते सांगताय."

तो विचारात पडला. "म्हंजी गाडी तीच, पण माघं कुनीतरी बसलंय. डबलशीट. मग चालवायची तऱ्हा बदलतीच."

"एकदम बरोबर!" महेजबीन खूश झाली. "आता ते करायचं कसं ते बघा. दोन शब्द लागतात. पहिला मदतनीस, आव्ह्वार नाहीतर एत्र. येणं, जाणं, निघणं, जन्मणं, मरणं, असल्यांना एत्र. बाकीच्या बहुतेकांना आव्ह्वार. तो मदतनीस ह्या मनाच्या रूपात घालायचा. आव्ह्वारचं होतं 'ए', एत्रचं होतं 'स्वा'. आणि त्याच्या मागं झालेल्या कामाचा शब्द. 'क झे फिनी', मी संपवलं हे. 'क त्यु स्वा व्हन्यू', तू आलास हे. बस."

"इतनाच?" चाचा खाटेवरून म्हणाले. "इतने के लिए डिग्री?"

इतकंच नव्हतं अर्थात. तो 'ए' ऐकायला एक आणि लिहायला चार तऱ्हांचा निघाला. मी, तू, तो, ते, प्रत्येकाचा वेगळा. कानानं शिकलेल्या माणसाला ही शुद्ध फसवणूक वाटली. "जे ऐकूच येत नाय ते लिहायचं कशापायी?" म्हणून तो महेजबीनशी चांगला अर्धा तास भांडला. पण घरी जाऊन चारही रूपं शंभर शंभर वेळा लिहिली.

खरी अडचण वेगळीच होती. खुर्चीत बसलं की त्याची वाचा बसायची. महेजबीन परीक्षक बनून समोर बसली, की तो टेबलाच्या कडेला घट्ट धरायचा, आणि कुठल्याही प्रश्नाला त्याच्या तोंडून पहिल्या खांबाचंच वाक्य यायचं. "तुमच्या गावातली वाहतूक कशी आहे?" ह्याला उत्तर, "हे लेणं सातव्या शतकात कोरलं गेलं." तिनं त्याला पाय स्टुलावर ठेवायला लावले, डोळे मिटायला लावले. काही उपयोग नाही.

"खुर्ची पे बैठ के फ्रेंच कौन बोलता?" चाचा तिच्यावरच करवादले. "मादाम खुद चलते-चलते सिखाती थी. तू उनको बोल, धम्मपाल. बोल, मुझे खडा होना है."

"दादा, परीक्षेत असं चालत नसतं."

"तूने पूछा कभी?"

महेजबीननं कधी विचारलं नव्हतं. तिनं विषय बदलला.

"काका, तुमच्या वहीत एक गोष्ट लक्षात आली का तुमच्या?" ती म्हणाली. "सगळ्या वहीत 'मी' फक्त शेवटच्या वाक्यात आहे. बाकी नुसतं शतक, फूट, राजा. लेण्याबद्दल तुम्हाला काय वाटतं, ते कुठंच नाही. पुढच्या मंगळवारी पाच वाक्यं लिहून आणा. सुब्जोंक्तीफ पासेत. स्वतःबद्दल."

तो आठवडा धम्मपालला जड गेला. चार वाक्यं कशीबशी झाली: चाचा आजारी पडले याचं वाईट वाटतं, मुलगी मोनाली पास झाली याचा आनंद आहे, असली. पाचवं सुचेना. सोमवारी सकाळी तो नेहमीसारखा लवकर लेण्यावर गेला. गर्दी आली नव्हती. दहा नंबरच्या लेण्यात एक बाई झाडत होती. खराट्याचा आवाज त्या दालनात घुमतो, सगळ्या फासळ्यांतून परत येतो. लहानपणी बापासाठी डबा घेऊन आलं की हाच आवाज बाहेर पायऱ्यांपर्यंत ऐकू यायचा, आणि त्या आवाजावरून कळायचं, बाबा आता कुठल्या कोपऱ्यात आहेत.

बाप त्याचा देवळात गेल्यासारखा चप्पल काढून झाडायचा. झाडून झालं की खराटा बाहेर टेकवून ठेवायचा, हात धुवायचा, आणि बुद्धापुढे दोन मिनिटं उभा राहायचा. मग निघायचा. बावीस वर्षांत धम्मपालनं हे एकाही पाहुण्याला सांगितलं नव्हतं. गाइड झाला त्या पहिल्याच वर्षी कुणीतरी मागून म्हणालं होतं, "झाडूवाल्याचं पोरगं साहेब झालं," आणि तेव्हापासून त्यानं ते दार आतून लावून घेतलं होतं. लाज वाटली होती त्याला, आणि त्या लाजेचीच पुढे जास्त लाज वाटत राहिली.

तिथंच खांबाला टेकून त्यानं पाचवं वाक्य लिहिलं. मंगळवारी महेजबीननं ते वाचलं आणि दोन ठिकाणी लाल पेन लावलं. मग पेन खाली ठेवलं आणि ते मोठ्यानं वाचलं: "झ स्वी फ्येर क मों पेर ए बालेये सेत ग्रोत." माझ्या वडिलांनी हे लेणं झाडलं याचा मला अभिमान आहे.

चाचांनी अर्थ विचारला. तिनं सांगितला. चाचा म्हणाले, "कचरू के जाने के बाद वैसी सफाई किसी ने नहीं की," आणि गल्लीकडे तोंड फिरवून बसले.

मे महिन्यात धम्मपाल एसटीनं पुण्याला गेला. पहिल्या दिवशीच्या लेखीबद्दल जितकं कमी बोलावं तितकं बरं. पत्र लिहायचं होतं, त्यानं लिहिलं, पण निम्मे शब्द कानानं लिहिले. रात्री त्यानं तनुजाला फोनवर सांगितलं, "जिवात जीव नाय. उद्याचं काय व्हतंय बघू."

दुसऱ्या दिवशी तोंडी. आधी एक चिठ्ठी उचलायची, तीवरचा छोटा मजकूर वाचायचा, अर्धा तास तयारी करायची आणि मग आत जाऊन आपलं मत मांडायचं. त्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: संग्रहालयांत आता माणसांऐवजी मोबाइलवरच्या आवाजानं माहिती द्यावी का? धम्मपालनं ती दोनदा वाचली. त्याला घामही फुटला आणि थोडं हसूही आलं. अर्धा तास त्यानं पुष्कळ काही लिहिलं.

आत दोन परीक्षक होते, एक चष्मेवाली फ्रेंच बाई आणि एक तरुण मराठी माणूस. समोर खुर्ची. तो बसला. बाई म्हणाल्या, करा सुरुवात.

सगळं गेलं. लिहिलेला कागद हातात होता आणि त्यावरची अक्षरं मुंग्यांसारखी दिसत होती. त्यानं तोंड उघडलं आणि आलं तेच पहिल्या खांबाचं वाक्य: "हे लेणं सातव्या शतकात कोरलं गेलं." मग दुसऱ्या खांबाचं. मग तिसऱ्या. थांबता येईना.

"मुस्यो," बाई हळूच म्हणाल्या, "हे चिठ्ठीत नाही."

मुस्यो. ती हाक ऐकून तो भानावर आला. आता दोनच वाटा होत्या, उठून बाहेर जायचं किंवा उठून उभं राहायचं. त्याला चाचांचं करवादणं आठवलं. मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये तो म्हणाला, "मॅडम, मी गाइड आहे. मी बसून बोलू शकत नाही. मी उभा राहू? मी चालू?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाईंनी खांदे उडवले. "चाला की. त्याला कुठं मनाई आहे?"

धम्मपाल उठला, दाराशी गेला आणि वळला. दार म्हणजे लेण्याचं दार. डावीकडचं कपाट पहिला खांब. खिडकी तिसरा. पाय पडायला लागले आणि त्याचा श्वास जागेवर आला. पण ह्या वेळी वहीतलं वाक्य म्हणायचं नव्हतं. कपाटापाशी तो म्हणाला की मोबाइल शतक सांगेल, राजा सांगेल, चुकणारही नाही, मी चुकतो. खिडकीपाशी म्हणाला की मोबाइलला प्रश्न विचारला तर तो दोन खांब मागे येत नाही. चुका झाल्या, लिंगं चुकली, एकदा शब्दच सापडेना तर त्यानं हातानं करून दाखवलं. तरुण परीक्षक मान वळवून वळवून त्याच्याकडे बघत होता.

मग तो खोलीच्या टोकाला, जिथं लेण्यात बुद्ध बसलेले आहेत, तिथं भिंतीशी पोचला. तिथं त्याच्या वहीत मूर्तीची उंची होती. तो थांबला.

"लेणं कुणी कोरलं ते मोबाइलला माहीत आहे," तो म्हणाला. "ते कुणी झाडलं, हे माहीत नाही. माझ्या वडिलांनी ते झाडलं. एकोणतीस वर्षं. मी हे कुणाला सांगितलं नाही." आणि मग सावकाश, एक एक शब्द ठेवत, पाचवं वाक्य म्हणाला.

बाईंनी चष्मा काढला. त्यानंतर त्यांनी खूप प्रश्न विचारले, मोबाइलवर कमी आणि वडिलांवर जास्त. फ्रेंच कुणी शिकवली ते विचारलं. त्यानं दाऊदचाचांचं, मादाम सोलांजचं, खांबांचं सगळं सांगितलं. चालत चालतच सांगितलं. शेवटी दाराशी पोचल्यावर त्याच्या तोंडून सवयीनं निघालंच, "झ स्वी कोंताँत," तुम्ही माझं ऐकलंत याचा मला आनंद आहे. बाई हसल्या. तेच हसू, बावीस वर्षं बघितलेलं.

निकाल जुलैत आला. लेखनात पंचवीसपैकी सहा. पाचाच्या खाली गेला असता तर सगळंच बुडालं असतं. बोलण्यात बावीस. एकूण पास. महेजबीननं आकडे दोनदा वाचून दाखवले. चाचांना लेखनाशी काही देणंघेणं नव्हतं. "बोलने में बाईस," ते तिला म्हणाले. "खडा होके बोला ना?"

"हो, दादा."

"मैं क्या बोला था?"

त्या दिवशी शहागंजात नान-खलिया मागवला गेला, आणि महेजबीननं मान्य केलं की आपण कधी विचारलंच नव्हतं.

ऑक्टोबरात पहिला फ्रेंच गट आला. अकरा माणसं, बहुतेक साठीच्या पुढची. त्या सकाळी धम्मपालनं एक जास्तीची गाडी केली आणि चाचांना घेऊन आला. त्यांना दोघांनी खुर्चीसकट उचलून दहा नंबरच्या लेण्यात आणलं. नऊ वर्षांनी आत आल्यावर त्यांनी आधी खांब मोजले. महेजबीन शेजारी उभी राहिली.

धम्मपालनं सुरुवात केली. पहिला खांब, शतक. तिसरा खांब, दगड आणि लाकूड. चाचांचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. पुढची ओळ कोणती ते त्यांना ठाऊकच होतं. धम्मपालनं हात वर केला, छताकडे बघा म्हणाला, अकरा माना वर झाल्या, "ओ ला ला" झालं. चाचांनी समाधानानं मान हलवली.

मग तो बुद्धापुढे आला आणि थांबला. इथं उंची होती. ती त्यानं सांगितली, कारण ती वहीत होती. पण पाय पुढे टाकला नाही. त्यानं एकदा चाचांकडे बघितलं आणि बोलायला लागला. इथं रोज सकाळी एक माणूस यायचा, चप्पल बाहेर काढायचा आणि पहिली बस यायच्या आत निघून जायचा. तुमच्यापैकी कुणाचे आईबाप इथं आले असतील, तर त्यांनी त्याला पाहिलेलं नाही. त्यांनी फक्त स्वच्छ लेणं पाहिलं. त्याचं नाव कचरू दाभाडे. ते माझे वडील.

"झ स्वी फ्येर," तो म्हणाला, आणि बाकीचं वाक्य त्या दालनात घुमून फासळ्यांतून परत आलं.

चाचा खुर्चीत पुढे झुकले. "ये मेरी कापी में नहीं था," ते महेजबीनच्या कानाशी म्हणाले.

"आता लिहू, दादा. तुमच्या वहीत, उर्दूत. त्या बुद्धाच्या पानावर जागा आहे."

मग पांढऱ्या केसांची एक बाई खाली बघायला लागली. तिनं पायातले बूट काढले, हातात घेतले. तिच्या नवऱ्यानंही खाली पाहिलं. मग एकेक करून सगळ्यांनी. बावीस वर्षं धम्मपालनं ह्या लेण्यात माणसांना वर बघताना पाहिलं होतं. आज पहिल्यांदा ती सगळी उभी राहून पायाखालची जमीन बघत होती.